न वगळलेलं पान

"किती पानं आहेत?" टेमकर गुरुजींनी विचारलं.

"एकशे अठरा."

"सगळ्यांसमोर मोज."

मी मोजली. शेजारी बसून सुभद्राकाकूनेही मोजली, अंगठा जिभेला लावत, सावकाश. मला घाई झालेली आणि ही बाई प्रत्येक पान उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही बघत होती. शेवटी एकदाची म्हणाली, "एकशे अठरा. बरोबर आहे," आणि मी नारळावर हात ठेवला.

आमच्या वाशिळ्यात ही पद्धतच होती. या सभेच्या बारा वर्षं आधी गावच्या एका पुढाऱ्याने जेटीचा करार सभेत वाचून दाखवला आणि मधलं एक पान गाळलं. कंपनीचं सांडपाणी खाडीत सोडायला गावाची हरकत नाही, असं त्या पानावर लिहिलेलं होतं. गावाने सह्या ठोकल्या. पाइप आला. चार वर्षांत खाडीतली बोय मासळी गेली, शेंगटी गेली, तिसऱ्यांचे शिंपले उघडावेत तर आत काळा गाळ. तेव्हापासून नियम झाला, की सभेत आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा. आधी पानं मोजायची, नारळावर हात ठेवायचा आणि मग एक अक्षरही वगळायचं नाही.

ही गोष्ट दोन हजार दहाची. मी बावीस वर्षांची होते, तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तोंडाची मी फाटकी, आई म्हणायची हिला सासर कसं मिळणार. समोरचा मोठा असो की लहान, मनात आलं की मी फाडकन बोलून मोकळी.

सभा अवसेची, सकाळी सातची. अवसेला आमच्याकडे होड्या काढत नाहीत, त्यामुळे समाजमंदिर गच्च भरलेलं. माझे बाबा नेहमीसारखे मागे खांबाला टेकून बसले होते, मान खाली घालून. गेली अडीच वर्षं ते तसेच बसायचे, कारण त्यांचा मुलगा, माझा थोरला भाऊ श्रीधर, कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. गाव त्याला 'कंपनीवाला' म्हणायचं. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. एकदा सकाळी आमच्या पायरीवर कोणीतरी मेलेल्या माशांची पाटी ओतून ठेवली होती. बाबांनी पायरी धुतली आणि त्या दिवसापासून दादाशी बोलणंच सोडलं. एका घरात राहून अडीच वर्षं. दादा जेवून उठला की मग हे पानावर बसायचे.

हातातली पानं म्हणजे खाडी तपास समितीची आतली पत्रं. कंपनीच्या पाण्याची चौकशी करायला नेमलेली तीन माणसांची समिती, अध्यक्ष डॉक्टर लोंढे नावाच्या बाई. सात महिने झाले तरी अहवालाचा पत्ता नव्हता. चौदा तारखेला शेवटची सुनावणी होती आणि तिथे गावाच्या तोंडाला पानं पुसली जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. समिती विकली गेली, असं मी तर छातीठोक सांगत फिरायचे. म्हणून मी समितीच्या मेलच्या खात्यात शिरले आणि सापडलं ते सगळं उचललं.

गुरुजींना मी सांगितलं, एका हितचिंतकाने पाठवलंय.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "चोरीचं नाही ना, वैजू?"

"आपली खाडी गेली ती चोरी नाही का, गुरुजी?"

"ती चोरी आहेच. म्हणून आपण चोर व्हायचं का, ते मी विचारतोय."

"सात महिने अर्ज करून काय मिळालं? पोच!"

त्यांनी चष्मा परत चढवला. मी जिंकले असं मला वाटलं. रविवारी सकाळी सभेला निघण्याआधी सगळीच्या सगळी पानं मी एका फुकटच्या ब्लॉगवरही चढवली, म्हणजे नंतर कोणाला दाबता येऊ नयेत, आणि तसं सभेत सुरुवातीलाच सांगूनही टाकलं.

वाचायला लागले. पहिली साठ पानं म्हणजे नुसता कंटाळा. पाण्याच्या बाटल्यांच्या याद्या, कोणत्या ठिकाणचा गाळ कधी उचलायचा, कोणाच्या रजा, गाडी वेळेवर आली नाही म्हणून तक्रार. माणसं जांभया द्यायला लागली.

"यात लाच कुठे आहे गं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"थांबा की जरा!" मी खेकसले आणि एकसष्टावं पान घेतलं.

"'अध्यक्ष, खाडी तपास समिती. महोदया, मी कंपनीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सांडपाण्याच्या नोंदी दोन ठिकाणी होतात. साहेबांच्या टेबलावरच्या वहीतले आकडे खोटे असतात. खरे आकडे मी पहिल्या महिन्यापासून रोज वेगळ्या वहीत लिहून ठेवले आहेत. ती वही घेऊन चौदा तारखेला साक्ष द्यायला मी तयार आहे. तोपर्यंत माझं नाव कृपया कोणालाही कळू देऊ नये. घरच्यांनाही मी हे सांगितलेलं नाही. आपला, श्रीधर यशवंत दाभिळकर.'"

 सुभद्राकाकूने तोंडाला पदर लावला. माशांची पाटी तिच्याच पुतण्याने ओतली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

बाबा खांब धरून उठले. "परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. सबंध. नाव कळू देऊ नये, ही ओळसुद्धा परत वाचली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला इतका आनंद झाला, काय सांगू! अडीच वर्षं ज्यांनी आम्हाला पाण्यात पाहिलं, ती माणसं माझ्यासमोर माना खाली घालून बसली होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

गुरुजी तेवढे वाजवत नव्हते. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वैजू, आज तारीख काय?"

"पाच."

"म्हणजे अजून नऊ दिवस आहेत."

ते नऊ दिवस दादाचं नाव झाकलेलं राहायला हवं होतं. पण नियम होता. उरलेली सत्तावन्न पानं मी वाचून संपवली.

दादा एक वाजता आला. सकाळची पाळी अर्ध्यावर टाकून, चालत. सभेतल्या कोणीतरी कंपनीत फोन केला होता. अकराच्या आत साहेबांनी ब्लॉग उघडून पत्र वाचलं होतं आणि दोन रखवालदारांनी दादाला फाटकाबाहेर काढलं होतं. चप्पल आतच राहिली. अनवाणीच आला.

बाबा दारातच उभे होते.  अडीच वर्षांनी माणूस काय बोलणार? शेवटी म्हणाले, "पाय धू. जेवायला बसू."

दोघं शेजारी शेजारी बसले. आई वाढत होती आणि मध्येच चुलीकडे तोंड करून रडत होती. बाबांनी आपल्या ताटातला मासा उचलून दादाच्या ताटात घातला. दादाने तो खाल्ला, मान वर न करता.

जेवण झाल्यावर त्याने मला परसात बोलावलं.

"समितीच्या खात्यात शिरलेली तूच ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? या गावात दुसऱ्या कोणाला येतंय ते?" तो विहिरीच्या कठड्यावर बसला. "का केलंस?"

"समिती विकली गेली होती म्हणून."

"मग? वाचल्यावर काय दिसलं?"

 दिसलं होतं ते हे, की समिती विकली गेलेली नव्हती. लोंढेबाई रात्रंदिवस राबत होत्या. पाइप बंद करा असा अहवालाचा कच्चा मसुदाही त्यांनी तयार ठेवला होता. अडलं होतं ते एका गोष्टीपाशी, आतल्या माणसाच्या साक्षीपाशी. शिव्या घालायला शिरले होते आणि शिव्या घालण्यासारखं एक पान सापडलं नव्हतं.

"माझं पत्र तू सभेतच पहिल्यांदा पाहिलंस?" दादाने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "आधी वाचलं होतं."

"कधी?"

"शुक्रवारी."

"आणि सभा रविवारी. दोन दिवस तुझ्याकडे होतं."

"नियम आहे ना, वगळायचं नाही..."

"वैजू, सभेत आणलेलं वगळायचं नाही. ते पान आणायलाच हवं होतं असं कोणी सांगितलं होतं?"

मग मला रडू कोसळलं. "बाबांना ऐकवायचं होतं रे! सगळ्या गावाला ऐकवायचं होतं. तुला चोरासारखं मागच्या वाटेने घरी येताना बघवत नव्हतं मला."

शुक्रवारी पत्र वाचल्यावर खरं तर सभा घ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं. सगळा गठ्ठा चुलीत घालायला हवा होता. एकशे सतरा पानं मी गावासमोर नेली ती एवढ्या एका पानासाठी. हे मी गुरुजींना कधी सांगितलं नाही.

दादा चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मी सांगणारच होतो बाबांना. चौदा तारखेला संध्याकाळी. कसं सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं." मग म्हणाला, "ब्लॉग काढून टाक."

काढला. तोवर तीनशे लोकांनी उतरवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने दादा गेला आणि त्याने ती वही लोंढेबाईंच्या हातात दिली. ती इतके दिवस आमच्याच घरात, तांदळाच्या डब्यात तळाशी होती. बाईंनी पोच दिली आणि म्हणाल्या, "घाबरू नका. तुम्ही आणि ही वही चौदा तारखेला माझ्यासमोर आलात, की बाकीचं मी बघते." दादा जरा सावरून परत आला.

पण कंपनी हात बांधून बसली नव्हती. मी चढवलेल्या कागदांचा सगळ्यात चांगला उपयोग कोणी केला असेल, तर कंपनीने. गाळ कुठून कुठून उचलायचा याची समितीची यादी त्यात होती. चार दिवसांत यंत्र लावून त्यांनी नेमक्या त्याच जागा खरवडून साफ केल्या. आम्ही किनाऱ्यावर उभे राहून बघत होतो. आणि दुसरीकडे त्यांच्या वकिलाने पोलिसांत तक्रार दिली, की समितीच्या कागदपत्रांची चोरी झाली आहे, चोर कोण ते शोधा.

शोधायला वेळ लागला नाही. ब्लॉग आमच्या घरून चढला होता आणि घरातलं इंटरनेट दादाच्या नावावर होतं. कॉम्प्युटर त्याचाच, कंपनीच्या पगारातून घेतलेला. मला हे सुचलं नव्हतं का? मी, जी पोरांना ते शिकवायची! रागात होते. रागात माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

शुक्रवारी, दहा तारखेला, सकाळी सात वाजता गुरव हवालदार आले. पलीकडच्या गावचे, बाबांच्या ओळखीचे. पायरीवरूनच म्हणाले, "यशवंतराव, साहेब नऊला येणारेत जीप घेऊन. मी इथे आलोच नव्हतो." आणि निघून गेले.

आम्ही चौघं ओटीवर बसलो.

"मी जाते," मी म्हटलं. "मी केलंय."

एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

"पोरीला पाठवायची नाही," बाबा म्हणाले.

दादा त्यांच्याकडे बघत होता. "बाबा, मी कबूल केलं की वही गेली. जो समितीचीच कागदपत्रं चोरतो, त्याच्या वहीवर कोण विश्वास ठेवेल? सगळं संपेल."

"कळतंय मला."

"अडीच वर्षं लिहिलीय ती."

"कळतंय रे मला!" ते एकदम ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "वही जाऊ दे. खाडी पण जाऊ दे. बावीस वर्षांची पोर कोठडीत बसवू काय मी?"

 आईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगड्या रुतत होत्या. दादाने माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी दुसऱ्यांदा बोलेन का, याची वाट. मी फरशीकडे बघत राहिले. गावभर तोंड चालवणारी मी, त्या दिवशी माझी जीभ उचलेना.

"बरं," दादा म्हणाला.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की शेवटी काही बरं झालं असेल. चौदा तारखेला सुनावणी झाली नाही. कागद फुटल्याचा ठपका आला म्हणून लोंढेबाईंनी राजीनामा दिला, समिती मोडली. कोणाच्या ताब्यात होती, कधी लिहिली ते ठरवता येत नाही, म्हणून वही बाजूला पडली. पाइप अजून आहे. दादा साडेतीन महिने कोठडीत होता. नंतर त्याला कुठल्याच प्रयोगशाळेने घेतलं नाही. जेटीवर बर्फ विकायचा. खटला चालत राहिला आणि गेल्या मार्गशीर्षात दादाच गेला, छातीत कळ येऊन, त्रेचाळिसाव्या वर्षी. आरोपी मयत, प्रकरण बंद. बाबा त्याच्या आधी गेले.

गावात तो मात्र मोठा झाला. कंपनीच्या नाकावर टिच्चून समितीचा कॉम्प्युटर फोडणारा मर्द, म्हणून. नवी मुलं त्याला भाषणाला बोलवायची. तो नको म्हणायचा, तर ती म्हणायची बघा किती साधा माणूस. जे त्याने आयुष्यात केलं नसतं, त्याच्यासाठी त्याचा जयजयकार. आणि अडीच वर्षं रोज दोन वह्या लिहिणं कोणाच्या लक्षातही नाही. तो गेल्यावर चौकात बॅनर लागला. मुलं मजकूर घेऊन माझ्याकडेच आली, ताई, टाइप करून द्या. मी करून दिला.

पण मला जे झोपू देत नाही, ते यातलं काहीच नाही. ते त्या सकाळचं आहे. सव्वासात ते नऊ.

दादा कॉम्प्युटरसमोर बसला आणि म्हणाला, "मला काहीच माहीत नाही, वैजू. त्यांनी विचारलं कसं केलंस, तर सांगू काय? शिकव मला."

मी त्याच्या मागे उभी राहिले, क्लासमध्ये उभी राहायचे तशी. आणि शिकवलं.

"पासवर्ड कुठे मिळाला?" मी विचारलं.

"कुठे मिळाला?"

"समितीच्या ऑफिसात. पेठे म्हणून कारकून आहे, त्याच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी होती. मी गावाचा अर्ज द्यायला गेले होते... नाही, तू. तू चौकशीला गेला होतास."

"चौकशीला गेलो होतो. काचेखाली चिठ्ठी. काय होतं तिच्यावर?"

"त्याच्या मुलीचं नाव, मृण्मयी. पुढे अठ्ठ्याण्णव."

"मृण्मयी, अठ्ठ्याण्णव." त्याने बोटाने टेबलावर लिहून पाहिलं. "कधी शिरलो?"

"गेल्या शुक्रवारी दुपारी. अडीच ते चार."

"त्या दिवशी मी रात्रपाळी करून आत झोपलो होतो."

"झोपला नव्हतास, दादा. इथे बसला होतास."

"इथे बसलो होतो," तो म्हणाला.

सगळं दोनदा घोकून घेतलं. तो लहानपणापासून हुशार, पटकन पाठ झालं. आई चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. मग मी म्हटलं, "आता ते शेवटी विचारतील, का केलंस?"

इथे तो अडकला. "काय सांगू?"

"सांग, समितीवर माझा विश्वास नव्हता."

"समितीवर माझा विश्वास नव्हता." अगदी हळू म्हणाला, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. साऱ्या वाशिळ्यात त्या समितीवर विश्वास ठेवलेला तो एकटा माणूस होता.

"असं नाही. खोटं वाटतंय. नीट म्हण."

"समितीवर माझा विश्वास नव्हता."

"अजून एकदा. खाली बघू नकोस."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दादाने डोळे वर केले आणि तिसऱ्यांदा म्हणाला. या वेळी आवाज कुठेच अडखळला नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने आयुष्यात कधी कोणावर विश्वास ठेवलेलाच नाही.

"आता बरोबर," मी म्हटलं.